दस्तरखान आणि नऊ महिन्यांची नात

रमजानात आमच्या दस्तरखानावर जे मांडलेलं असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त नऊ महिन्यांच्या बाळासाठी धोक्याचं असतं. बी असलेला खजूर, अख्खी द्राक्षं, सफरचंदाच्या कच्च्या फोडी, बियांसकट कलिंगड, परतलेले चणे, कुरकुरीत भजी. यातली एकही वस्तू वाईट नाही. अडचण तिच्या आकारात आणि कडकपणात असते. आणि दुसरी अडचण प्रेमाची. घरात बाळ असलं की प्रत्येक हात आपल्या ताटातला एक घास घेऊन त्याच्या तोंडाकडे जातो.

आमचं घर मिरजेचं. तासगावकडच्या नातेवाइकांकडून द्राक्षांची पेटी आली नाही असं वर्ष जात नाही, आणि सध्या रमजान नेमका द्राक्षांच्या हंगामात येतो. लेक बाळंतपणानंतर कामावर रुजू झाली, तेव्हापासून दिवसभर नात माझ्याकडे असते. त्यामुळे इफ्तारच्या आधी सुरी घेऊन बसायचं काम माझं. द्राक्ष उभं कापायचं, एकदा नव्हे दोनदा, म्हणजे चार लांबट फाका होतात. आडवं कापलं तर गोल चकती राहते आणि ती तितकीच घातक. बाळाची श्वासनलिका त्याच्या करंगळीएवढी अरुंद असते. गोल, गुळगुळीत, थोडी दबणारी वस्तू तिथे बाटलीच्या बुचासारखी बसते. कोफ्त्यांचंही तेच. म्हणून तिच्यासाठी खिम्याचे गोळे करत नाही. मऊ शिजवलेला, बारीक वाटलेला खिमा चपटा, बोटाएवढा लांब थापतो. सहा महिन्यांनंतर बाळाला लोहाची गरज वाढते, तेव्हा खिमा हवाच.

कडकपणाची परीक्षा सोपी आहे. पदार्थ अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. सहज चिरडला तर द्यायचा. तिला पुढचे दोन-चार दात आहेत, पण त्यांनी तुकडा तोडता येतो, चावता येत नाही. दाढा यायला अजून वेळ आहे. वाफवलेला लाल भोपळा, रताळं, गाजर, पिकलेली पपई, केळं, पूर्ण शिजलेल्या आम्लेटच्या पट्ट्या हे सगळं या परीक्षेत पास होतं. कच्चं गाजर आणि कच्चं सफरचंद नापास. वाफवलं की तेच सफरचंद पास. चिकू मऊ असतो, पण त्याची बी टोकदार आणि निसरडी, ती मोजून काढायची. पोळीचा नुसता कोरडा तुकडा लाळेत भिजून टाळूला चिकटतो, म्हणून वरणात बुडवून द्यायचा.

आकाराचं गणित वयाप्रमाणे बदलतं. सहा-सात महिन्यांचं बाळ वस्तू मुठीत धरतं, तेव्हा मुठीबाहेर टोक राहील अशी लांब पट्टी बरी. चिमटीत उचलायला लागलं की छोटे मऊ तुकडे चालतात. आमची नुकतीच चिमटीवर आली आहे. जमिनीवर पडलेली मोहरीसुद्धा आता तिच्या नजरेतून सुटत नाही, हा वेगळाच ताप.

अम्मी चौऱ्याऐंशी वर्षांची. पहिल्या दिवशी माझी काटछाट बघून ती म्हणाली, "तुम सब अइसेच बडे हुवे ना?" मी वाद घातला नाही. तीन-चार दिवसांनी चण्यांची वाटी पुढे ओढताना ती आपणहून बोलली. तिचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा असताना उरुसातले फुटाणे खाताना गेला. नजर लागली, असं तेव्हा सगळे म्हणाले. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या घरात वाढलेल्यांची गणती झाली, त्या पोराचं नावही कधी निघालं नाही.

फुटाणे, अख्खे शेंगदाणे, बदाम, पॉपकॉर्न, लिमलेटच्या गोळ्या हे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच. पण याचा अर्थ शेंगदाणाच बंद, असा नाही. २०१५ साली लंडनमधल्या संशोधकांनी ६४० बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केला, तर पुढे त्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूप कमी झालं. आपल्या घरात कूट असतंच. अगदी बारीक कूट पातळ खिचडीत मिसळलं की झालं. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

मधाबद्दल मात्र मी कडक आहे. वर्षाच्या आत मध नाही, चाटवायलासुद्धा नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांची आतडी त्यांना रुजू देत नाहीत, बाळाची देतात, आणि घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. बाळगुटीत मध घालणारी शेजारची घरंही आहेत, त्यांनाही मी हेच सांगतो. तहनीकच्या वेळी मधाची बाटली पुढे आलीच होती. आम्ही भिजवलेल्या खजुराचा पातळ रस धुतलेल्या बोटाने तिच्या तोंडात वरच्या टाळूला लावला. तहनीक मुळात खजुराचीच, आणि तोही चावून मऊ केलेला. आता चावून द्यायची गरज नाही, मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाकडे जातात. साल-बी काढून, कोमट पाण्यात भिजवून खजूर कुस्करता येतो.

या सगळ्यापेक्षा अवघड निघाली ती वेळ. मगरिबची अजान झाली की दिवसभराचे उपाशी दहा जण आपापल्या ताटाकडे बघतात. ती पाच मिनिटं बाळाकडे कुणाचंच लक्ष नसतं. गुदमरणाऱ्या बाळाचा आवाज येत नाही. ठसका, खोकला, लाल चेहरा म्हणजे हवा जाते आहे, बाळ स्वतःच सोडवून घेतं. तोंड उघडं पण आवाज नाही, ओठ निळे, हे खरं संकट. तेव्हा तोंडात अंदाजाने बोट घालायचं नाही, घास आणखी आत जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन. घरातल्या प्रत्येकाने हे जाणकाराकडून बाहुलीवर करून शिकावं. आम्ही चौघं शिकलो.

नातीचं जेवण आता असरनंतर होतं. मी समोर बसतो, ती ताठ बसलेली, रांगत-फिरत खाणं नाही. इफ्तारला ती अम्मीच्या शेजारी बसते, पण खाणं पोटात गेलेलं असल्यामुळे हात मारायची घाई नसते. तिची वेगळी ताटली असते. त्या दिवशी अम्मीचा रोजा नसेल तर अम्मी, नाहीतर दुसरं कुणी बिनरोज्याचं तिच्याकडे बघतं.

ईद जवळ आली आहे. शीरखुर्म्यात खारकेचे, बदाम-पिस्त्याचे तुकडे असतात, म्हणून तिच्या वाटीत दुधात मऊ शिजवलेल्या बिनसाखरेच्या शेवया आणि चिमूटभर बदामाची पूड. गल्लीतली पोरं खिशात गोळ्या घेऊन येतील. अम्मीने आत्ताच सांगून ठेवलंय, तिची खुर्ची त्या दिवशी दाराजवळ हवी.