गादीला वारस

दोन राजपुत्र एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि दरबारात कोणाला त्याचे नवल वाटत नाही. ‘दोन पुरुष?’ असे कोणी विचारत नाही. विचारतात ते दुसरेच. तहाचे काय होणार, सरदार कोणाच्या बाजूने उभे राहणार, आणि गादीला वारस कुठून आणणार? समलिंगी प्रेम आणि राजदरबारी कारस्थाने यांच्या इंग्रजी फॅन्टसी कादंबऱ्या मी गेली बाराएक वर्षे वाचते आहे. त्यांतल्या तलवारी, मेजवान्या, मुखवट्यांचे नाच आता पुष्कळदा सारखेच वाटतात. वारसाच्या प्रश्नापाशी मात्र मी दर वेळी थांबते. तिथे लेखक काय करतो, यावर ते पुस्तक माझ्या कपाटात राहते की रद्दीत जाते हे ठरते.

एलन कुशनर यांची ‘स्वोर्डस्पॉइंट’ १९८७ सालची. तिच्यातल्या शहराला राजाच उरलेला नाही. उमराव आपली भांडणे भाडोत्री तलवारबाजांकडून मिटवून घेतात, आणि असा एक तलवारबाज, रिचर्ड, अलेक नावाच्या तिरसट, शिक्षण सोडलेल्या तरुणाबरोबर एका बकाल वस्तीत खोली करून राहतो. पुस्तकात जादू औषधालाही नाही. त्या काळात दोन पुरुषांचे एकत्र राहणे हा ज्या पुस्तकाचा ‘विषय’च नाही असे पुस्तक लिहिणे, हीच मला तिच्यातली जादू वाटते. गादी नाही म्हटल्यावर वारसही नको, असे आपण समजून चालतो. पण राजा नसला तरी डचेस आहे, आणि डचेसला नातू आहे. शेवटी प्रश्न मागच्या दाराने आत येतोच.

समँथा शॅनन यांच्या ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’मध्ये (२०१९) तो पुढच्या दारानेच येतो. आठशेहून जास्त पानांचे हे पुस्तक. इनिस देशाची राणी सॅब्रान हिच्या घराण्यात प्रत्येक राणीला एकच मुलगी होते, आणि हा वंश चालू आहे तोवर पाताळातला राक्षसी सर्प बांधलेला राहील अशी सगळ्या प्रजेची श्रद्धा. म्हणजे राणीचे गर्भाशय ही संरक्षण खात्याची बाब. दरबारातल्या सगळ्या मसलती तिच्या पोटाभोवती फिरतात. ती मनाविरुद्ध लग्नाला उभी राहते, विधवा होते, गर्भ गमावते, आणि पुढे मूल होणार नाही हे तिला कळते. तिचे प्रेम जडते ते तिच्या रक्षणासाठी सखी बनून दरबारात आलेल्या एका स्त्रीवर. त्या प्रेमाला आड येते ती ही वंशाची गोष्ट. मी हे पुस्तक वाचले तेव्हा राक्षसी सर्पाची भीती वाटली नाही, दरबाऱ्यांची वाटली.

कारण माझ्या आईनेही नेमके तेच विचारले होते. मी एका स्त्रीबरोबर राहते आहे, पुढेही राहणार आहे, हे तिला सांगितले तेव्हा ती रडली नाही, देवाला साकडे घातले नाही, ‘लोक काय म्हणतील’ असेही म्हणाली नाही. भाजी निवडत होती ती निवडत राहिली. मग म्हणाली, “ठीक आहे. पण तुमच्यामागे तुम्हाला कोण?” आठ वर्षे झाली त्याला. त्यानंतर तिने माझ्या जोडीदाराला, जी मूळची कोझिकोडची आहे, फोनवरून मराठी शिकवले, पुरणाचे प्रमाण शिकवले, आणि आमच्या नात्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. तो एक प्रश्न तेवढा राहिला.

आम्ही वडोदऱ्याचे. तिथल्या मराठी घरांत वारसाची गोष्ट ही राजवाड्याचीच गोष्ट असते. माझी आजी ती बखरीसारखी सांगायची. खंडेराव गायकवाड १८७० साली वारले तेव्हा जमनाबाई गरोदर होत्या. म्हणून सगळे संस्थान, इंग्रजांसकट, एका बाईच्या बाळंतपणाची वाट पाहत थांबले. मुलगा झाला असता तर तो गादीवर बसता. मुलगी झाली, आणि खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर पक्के झाले. १८७४मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशीला सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज, तीन हिंदी. मत पडले तीन विरुद्ध तीन. मल्हाररावांना गैरकारभाराचे कारण देऊन तरीही काढले आणि मद्रासला धाडले. आजी इथे हमखास थांबायची आणि म्हणायची, “सरबत कोणी केलं होतं, ते कोणी विचारत नाही.”

मग आजीची आवडती जागा यायची. विधवा जमनाबाईंनी दत्तक घ्यायला मुलगा शोधला. नाशिकजवळच्या कवळाणे गावातून भाऊबंदांची मुले आणवली. ‘कशाला आलास?’ असे विचारल्यावर त्यांतला बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, ‘राज्य करायला,’ असे सांगतात. तो सयाजीराव झाला. लिहिता-वाचता न येणारे शेतकऱ्याचे पोर, आणि पुढे त्याच राजाने सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. आजीच्या दृष्टीने या गोष्टीचे तात्पर्य वगैरे काही नव्हते. तिला तो प्रसंग आवडायचा, एवढेच. पण माझ्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: राज्य पोटातून आले नाही, कागदावरून आले, आणि कागद एका एकट्या बाईने केला.

मराठी माणसाला दत्तक हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातच भेटतो. सातारा १८४८, मग झाशी, नागपूर. दत्तक मुलगा डलहौसीने मानला नाही म्हणून राज्ये गेली. आपल्याकडे वारस कागदाने होतो हे सगळ्यांना मान्य होते. भांडण होते ते कागदावर शिक्का कोणाचा, याचे. म्हणून ‘अ टेस्ट ऑफ गोल्ड अँड आयर्न’ (२०२२) वाचताना मला घरी आल्यासारखे वाटले. अलेक्झांड्रा रोलंड यांनी ऑटोमन दरबारासारखा एक दरबार उभा केला आहे. तिथे सुलतान ही स्त्री आहे, आणि मुलाचा शरीराने बाप असणे व कायद्याने बाप असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजपुत्र कादू आपल्या एव्हेमर नावाच्या अंगरक्षकाच्या प्रेमात पडतो, पण बहिणीला मुलगी झालेली असल्यामुळे वंशाचा भार त्याच्यावर नाही. त्याची धास्ती निराळी: आपण भाचीच्या जिवावर उठलो आहोत असे तर कोणाला वाटत नाही ना? दरबारात निरपराध माणूसही सतत आपल्या चेहऱ्यावर पहारा ठेवतो, हे या पुस्तकाइतके नीट मी कुठे वाचलेले नाही.

पहारा हा शब्द मी विचार करून वापरला. आमच्यासारख्यांना या कादंबऱ्या आवडतात त्या राजवैभवासाठी नव्हे. जुन्या वाड्यांत खलबतखाना असायचा, गुप्त मसलतीची खोली. भिंतीला कान आहेत हे धरून बोलायचे, एकाच वाक्यात एक अर्थ सभेसाठी आणि एक समोरच्यासाठी ठेवायचा, हे आम्ही लग्नघरांत आणि बारशांत शिकलो. चुलत्यांसमोर ती माझी ‘रूममेट’, मावशीसमोर ‘मैत्रीण’, घरमालकासमोर ‘कलीग’. प्रत्येक दरबारात वकील वेगळ्या सनदेने हजर.

हे मराठीत कसे उतरेल ते पाहावे म्हणून मी ताशा सुरी यांच्या ‘द जॅस्मिन थ्रोन’ची (२०२१) काही पाने स्वतःपुरती भाषांतरित करून पाहिली. भारतासारख्याच एका साम्राज्यातली गोष्ट. चितेवर जायला नकार दिलेली राजकन्या मालिनी एका जुन्या मंदिरात कैदेत आहे, आणि प्रिया तिथे दासी म्हणून येते. इंग्रजीत दोघी एकमेकींना ‘यू’ म्हणतात आणि मोकळ्या होतात. मराठीत पहिल्याच वाक्याला अडले. दासी राजकन्येला ‘आपण’ म्हणणार. मग ‘तुम्ही’ कधी? आणि ‘तू’ कोणत्या पानावर? एकदा ‘तू’ म्हटले की प्रेम कबूल केल्यासारखेच आहे, चुंबनाची वाट पाहायला नको. पुन्हा पहारेकरी आत आला की त्याच ओळीत ‘आपण’वर परत यायचे. इंग्रजी लेखिकेला जे हावभावांनी आणि नजरांनी सांगावे लागते, ते मराठीत एका सर्वनामात उघडे पडते. मला ते पान ठरवता आले नाही म्हणून भाषांतर तसेच पडून आहे, पण इतके लक्ष देऊन मी कुठलीच कादंबरी वाचली नव्हती.

या पुस्तकांवर माझा राग नाही असे नाही. सी. एस. पकॅट यांची ‘कॅप्टिव्ह प्रिन्स’ मालिका या प्रकारातली सर्वांत लाडकी. तिच्यात राजपुत्राला गुलाम करून शत्रूच्या राजपुत्राच्या हाती देतात, आणि तिथून प्रेमकथा निघते. डावपेच असे रचले आहेत की शाबासकी द्यावी. पण गुलाम राजपुत्र निघाला म्हणून त्याचे दुःख मोठे, आणि त्याच महालातल्या इतर गुलामांचे शोभेपुरते, हे मला गिळवत नाही. एकूणच या दरबारांत सरबत कोणी केले ते फारसे कोणी विचारत नाही. जोडीदाराला हे माझे खुसपट वाटते. ती म्हणते, आयुष्यात एकदा तरी आपल्यासारख्यांना राजमुकुट मिळू दे, हिशेब मग मागू.

मुकुटाचे सोडा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाच्या कचाट्यातून आम्हाला सोडवले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला, पाचही न्यायमूर्तींनी. दत्तकाच्या मुद्द्यावर मात्र मते फुटली. जोडप्याला मूल दत्तक घ्यायचे तर दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन हवे, हा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी टिकला. मी ते आकडे वाचले आणि मला आजीचे कमिशन आठवले.

आमच्या हाती जे उरते ते जमनाबाईंचेच: एकटी बाई दत्तक घेऊ शकते. मुलगा किंवा मुलगी, दोन्ही. म्हणून दोघींपैकी एकीने एकटे व्हायचे. कोण, हे ठरवायला आम्ही जेवणाच्या टेबलावर रीतसर खलबत केले. वय कोणाचे कमी, नोकरी कोणाची पक्की, आजारपणाचा विमा कोणाचा चांगला. नाव माझे निघाले. तिने हसत हसत माझ्यापुढे कुर्निसात केला आणि मग बराच वेळ भांडी घासत बसली.

घराची पाहणी करायला समाजकार्यकर्त्या बाई आल्या तेव्हा खोटे बोलायचे नाही आणि विचारले तेवढेच सांगायचे, असे ठरले होते. “या?” असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, “ही इथेच राहते. आठ वर्षं.” त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिले. वही उलटी होती, वाचता आले नाही. वकिलांनी सांगितले आहे की मूल घरी आल्यावर मी मृत्युपत्रात हिचे नाव पालक म्हणून घालू शकते. म्हणजे माझ्या मुलाशी हिचे कायदेशीर नाते लागायचे तर मी आधी मरायला हवे. कुठल्याही फॅन्टसी लेखकाने हे कलम रचले असते तर संपादकाने अतिरंजित म्हणून काढायला लावले असते.

हाकेचा प्रश्न त्यामानाने सोपा गेला. एक आई, एक अम्मा. दोन भाषा घरात असल्याचा एवढा फायदा.

नाव यादीत आहे. आईला सगळी रीत सांगितली. मुलाचे फोटो आणि कागद संगणकावर येतात, आणि हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. तिने सगळे ऐकून घेतले. जमनाबाईंनी निदान मुलं समोर बसवून बघितली होती, म्हणाली. आणि मग, “अठ्ठेचाळीस तास म्हणजे दोनच दिवस. फोन चार्ज करून ठेवत जा गं.”