चिप आणि श्वास

आमच्या अलिबागच्या घरी एक जुना स्टिरिओ आहे. कॅसेटवरून येणाऱ्या क्षीण लहरींना बळ देणारी आठ पायांची ऑप-अँप चिप त्यात होती, ४५५८. ती काढून मी ५५३२ बसवली. पायांची मांडणी तीच. स्वतःची खरखर मात्र कमी. खाऱ्या हवेने काळवंडलेले सांधेही पुसले. आवाज निवळला. श्रेय चिपचे की पुसण्याचे, देव जाणे!

असो. मग आजोबांनी आजीच्या ओव्यांची कॅसेट लावली. आजी जाऊन सहा वर्षे झाली. फितीची सळसळ तशीच होती. जी फितीवरच उमटली आहे, ती चिप कशी पुसणार?

अशा वेळी आपल्या गावची चुंबकीय वेधशाळा आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांचा उपद्रव होणार, म्हणून ती मुंबईच्या कुलाब्याहून येथे आली. १९०४ पासून येथे नोंदी होत आहेत. सूक्ष्म ते टिपायचे तर यंत्र चांगले हवेच, पण भोवतीचा गोंगाटही दूर हवा.

आजोबांनी पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. दोन ओव्यांमधला आजीचा श्वास ऐकू आला.

“दमली होती गं ती त्या दिवशी,” आजोबा म्हणाले.