बोटे बाहेर काढ

आमच्या लहानपणी हॉटेलात जाऊन खाणे ही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. घरातली बाई आजारी असली किंवा कोर्टाची तारीख असली, तरच माणूस हॉटेलची पायरी चढे आणि घरी आल्यावर "जरा चहा घेतला" एवढेच बोले. आई तर हॉटेलातल्या खाण्याला 'बाहेरचं' म्हणे, आणि हाच शब्द ती भुताखेतांच्या बाधेसाठीही वापरत असे!

मी पहिल्यांदा हॉटेलात गेलो तो १९८० साली. पाचवीत होतो. वडील रताळ्यांची पोती घेऊन बेळगावच्या बाजाराला निघाले होते, मी हट्टाने बरोबर गेलो. नवरात्राचे दिवस, उपवासामुळे रताळ्यांना भाव बरा मिळालेला. दुपारी वडील मला खडेबाजाराकडच्या एका उडपी हॉटेलात घेऊन गेले. संगमरवरी टेबल, भिंतीवर देवाच्या तसबिरी आणि 'कामाशिवाय बसू नये' अशी पाटी. वडिलांनी एकच मसाला दोसा मागवला.

"तुम्हाला?" मी विचारले.

"मला भूक न्हाई रं. तू खा."

मी खाल्ला. वडील माझ्यासमोर बसून तीन ग्लास पाणी प्याले. पाण्याचे पैसे पडत नाहीत हे मला तेव्हा ठाऊक होते. पहाटे चारला घरून निघालेल्या माणसाला दुपारी दोनपर्यंत भूक कशी नाही, हे मात्र डोक्यात आले नाही. ते कळायला मला स्वतःला मुले व्हावी लागली.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. टेबल पुसणारा पोऱ्या माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. वडील त्याला कानडीत म्हणाले, "तम्मा, नीर कोडप्पा." तो मराठीत म्हणाला, "देतो की मामा." दोघांचीही भाषा मोडकी, आणि दोघेही दुसऱ्याची भाषा बोलण्याच्या खटपटीत. त्या पोराने न मागता सांबाराची दुसरी वाटी आणून वडिलांच्या पुढ्यात ठेवली. वडिलांनी ती दोन्ही हातांनी उचलून प्यायली. आमच्या भागात भाषेवरून काय काय झाले ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण हॉटेलात मी कधी भाषेवरून भांडण पाहिले नाही. 'उप्पीट' हा शब्द कानडीतल्या 'उप्पिट्टु'वरून आला, हे मला एम.ए.ला गेल्यावर समजले. तोवर तो आमच्या आजीचाच वाटत होता. एक चहा दोघांत हवा असेल तर 'बाय-टू' म्हणायचे, हे दोन्ही भाषांत चालते.

पुढे मी शिक्षक झालो, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवू लागलो. घटनेतले कलम १५ शिकवताना मला हॉटेल हटकून आठवे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मुलांना आश्चर्य वाटे. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेल कशाला? मग मी त्यांना सांगे की एके काळी खानावळीतल्या पंगतीही जातवार असत, हॉटेलांतून 'फक्त ब्राह्मणांसाठी' अशा पाट्या असत, आणि काहींना कपबशी वेगळी, तीही बाहेर ठेवलेली. हे सांगून झाल्यावर मी उडपी हॉटेलांचा इतिहास रंगवून सांगे. दक्षिण कॅनरातली मुले घरच्या गरिबीने मुंबई गाठत, भांडी घासत, आणि त्यांच्यातलेच काही मालक होत. ए. रामा नायक असेच लहान वयात मुंबईत येऊन स्वयंपाकघरात राबले आणि १९४२ मध्ये त्यांनी माटुंग्याला स्वतःचे बोर्डिंग काढले. हॉटेलातल्या पोरांसाठी मुंबईत कानडी रात्रशाळा चालत. दिवसभर कपबश्या विसळून मुले रात्री पाटी घेऊन बसत. हे सांगताना मला मोठे स्फुरण चढे. कष्टाचे फळ वगैरे. कपबश्या विसळणाऱ्यांपैकी किती जण मालक झाले नाहीत, याचा हिशेब मी कधी वर्गात मांडला नाही.

२००७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या एका सहकाऱ्याला बढती मिळाली, म्हणून आम्ही चौघे शिक्षक शाळा सुटल्यावर गावातल्याच एका हॉटेलात गेलो. नाव सांगत नाही. गप्पा रंगात आल्या होत्या. एक पोऱ्या चार ग्लास एका हातात धरून आला, चारही बोटे पाण्यात बुडालेली. माझा हा जुना राग. मान वर न करताच मी ओरडलो, "बोटे बाहेर काढ आधी! शिकवलं नाही का कुणी?"

ग्लास टेबलावर आले. हात तिथेच राहिला.

"सर," तो म्हणाला.

आठवी 'ब'. खिडकीकडचा दुसरा बाक. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नव्हता. मी वर्गशिक्षक होतो. हजेरीपटावर महिनाभर तांबड्या शाईने गैरहजेरी मांडली, घरी एक पत्र पाठवले आणि पुढे 'दीर्घकाळ गैरहजर' असा शेरा मारून मोकळा झालो. पत्राला उत्तर आले नाही. आपणही गेलो नाही. शाळेपासून ते हॉटेल चालत दहा मिनिटांवर.

मी त्याला "कसा आहेस?" असे विचारले. तो "बरा हाय" म्हणाला. सहकाऱ्यांनी ऑर्डर दिली. ती त्याने एकदा ऐकून बिनचूक म्हणून दाखवली, दोन इडली-वडा, एक कडक दोसा, एक शिरा, चार कॉफी. वर्गात याच मुलाला सनावळी पाठ होत नाही म्हणून मी बाकावर उभा केला होता.

हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली होती. वर्तमानपत्रातले ते कात्रण मी स्वतः शाळेच्या फलकावर लावले होते. तो तेरा वर्षांचा होता. जन्मतारीख माझ्याच अक्षरात रजिस्टरला होती. तरी त्या संध्याकाळी मी काय केले? बशीत बडीशेपेखाली दहाची नोट ठेवली आणि उठलो.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एकटाच मालकांकडे गेलो. गल्ल्यावरचे गृहस्थ कुंदापूरकडचे, वयस्क, कपाळाला गंध. त्यांनी मला बसायला सांगून कॉफी मागवली आणि शांतपणे ऐकून घेतले.

"मास्तर, मी अकरा वर्षांचा असताना आलो," ते म्हणाले. "चौथी पास. या पोराचा बाप गेला दसऱ्यात. आई घेऊन आली इथे, मी बोलवायला गेलो नाही. तुम्ही आज घेऊन जावा. पण महिन्याला त्या बाईच्या हातावर काय ठेवायचं, ते पण सांगून जावा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. वडील गेल्याचेही मला तिथेच कळले.

आम्ही शिक्षकांनी थोडी वर्गणी काढली, आईला भेटलो, वह्या घेऊन दिल्या. मुलगा जूनमध्ये पुन्हा आठवीत बसला. गणेशचतुर्थीपर्यंत आला. मग घरालाच कुलूप दिसले. कुणी म्हणाले गोव्याला गेले, कुणी म्हणाले इचलकरंजीला. त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. तक्रार करायला हवी होती की नको होती, यावर स्टाफरूममध्ये आमचे आजही एकमत नाही. माझे मत असे की करायला हवी होती, आणि ती मी केली नाही याचे कारण कायदा ठाऊक नव्हता हे नसून मालकांची कॉफी मी प्यायलो होतो हे आहे.

मुख्याध्यापक झाल्यावर मी एक नियम घातला. सलग पाच दिवस मूल आले नाही तर पत्र पाठवायचे नाही, कुणीतरी घरी जायचे. शिपाई आणि शिक्षक कुरकुर करतात, पण जातात. काही मुले परत येतात, काही येत नाहीत.

परवा दिवाळीच्या खरेदीला सहकुटुंब बेळगावला गेलो होतो. आता हॉटेले गार हवेची झाली आहेत. मेनूकार्ड नव्हते, मुलीने टेबलावरच्या चौकोनी ठिपक्यांवर फोन धरला आणि पदार्थांची यादी उघडली. पाणी ट्रेमधून आले, ग्लास बुडाशी धरलेले. आणणारा पोरगा सडपातळ, मिसरूड न फुटलेला. मराठीत विचारले, त्याला समजले नाही. कानडीत विचारले, तेही समजले नाही. मग हिंदीत विचारले.

"अठारह," तो चटकन म्हणाला.

मी त्याला नाव विचारले होते.

मुलीने फोनवरूनच बिल दिले आणि आम्ही उठलो.