बॉटलनेक

प्रॉडक्शनच्या लेक्चरला एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसते. लाईनवरचं एक मशीन कितीही फास्ट करा, माल त्याच्या अलीकडेच अडकला असेल तर उत्पादन वाढत नाही. माझ्या मामाच्या आजारपणात मला हे नव्याने कळलं.

मामा यंत्रमागावर कामाला. खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं. चार महिने या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नुसती सिरपं बदलली. शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि मशीनने दोन तासांत सांगितलं : टीबी आहे, पण रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल.

फक्त दोन तास! मग मी त्या मशीनच्या मागेच लागलो. रॉबर्ट कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू दाखवला. त्यानंतर शंभर वर्षं मुख्य भिस्त मायक्रोस्कोपवरच. पण त्यात जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. कल्चर करायचं तर कित्येक आठवडे थांबा. जीनएक्स्पर्टला मात्र दीडशेच्या आतले जंतूही पुरतात, कारण ते जंतू न शोधता त्याचा डीएनए शोधतं. दर सायकलला डीएनए दुप्पट. तीस सायकलमध्ये एकाचे शंभर कोटींहून जास्त! जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं, म्हणजे लाईट गेली तरी काम चालू. त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली.

आता छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरही वाचतो आणि स्कोअर देतो. पण किती स्कोअरच्या वर संशयित धरायचं, हे माणसानेच ठरवायचं. आकडा खाली ठेवला तर धडधाकट माणसंही पुढच्या तपासणीच्या रांगेत येतात. वर ठेवला तर खरा पेशंट निसटतो. हा निर्णय कुठलंही सॉफ्टवेअर आपल्यासाठी घेत नाही.

आणि मामाचे चार महिने? ते मशीनच्या अलीकडेच गेले. खाडा झाला की पगार कापला जायचा. घरात टीबी हा शब्द उच्चारायलाच सगळे घाबरायचे. थुंकी तपासा, असं कुणी म्हटलंच नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या पूर्ण करून मामा पुन्हा कामावर जातोय, पण जिना चढताना अजून धाप लागते. चार महिन्यांत फुफ्फुसाचं जे नुकसान झालं, ते मशीन भरून देत नाही.

आपल्यातले काही जण उद्या अशीच मशीन्स बनवतील. जरूर बनवा! पण आधी एवढं करा : रूम पार्टनर, मेसचे काका, वॉचमन, कुणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तिथे तपासणी फुकट होते. एक लेक्चर बुडेल, बुडू दे!