क्वार्टरची मागची बाजू

फिलाडेल्फिया

ती. बाबांस, सा. न.

इथली टांकसाळ पाहिली. तिकीट नाही, वरच्या काचबंद सज्जातून खालची यंत्रं बघत चालायचं. पण तुम्हाला खरी मजा वाटेल ती बाहेर, चहा-कॉफीच्या सुट्ट्या पैशांत. १९९९ ते २००८ दरवर्षी पाच राज्यांची पाच क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, निघाली, राज्यं संघात आली त्याच क्रमाने. दर्शनी बाजूला वॉशिंग्टन कायम, मागे ज्या त्या राज्याची निवड. आज जॉर्जियाचं हाती लागलं: मधोमध पीच, भोवती राज्याची सीमारेषा. तिचा वायव्य कोपरा जरा कापलेला, त्यामुळे डेड परगणा नकाशाबाहेर!

बँकेत दहा डॉलर दिले की कागदात गुंडाळलेली चाळीस क्वार्टर मिळतात. हौशी लोक ती घरी नेऊन सोडतात, हवं ते उचलतात, बाकी परत भरतात. सगळ्यांचा डोळा ‘डब्ल्यू’वर. २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने प्रत्येक चित्राची वीसच लाख नाणी पाडली आणि नेहमीच्या नाण्यांत मिसळून चलनात सोडली. वॉशिंग्टनच्या केसांच्या फितीमागे ते अक्षर असतं, बारीक, नख लावून बघावं असं. मला अजून दिसलेलं नाही.

विल्मिंग्टन

ती. बाबांस, सा. न.

संघात पहिलं आलेलं राज्य डेलावेअर, म्हणून मालिकेतलं पहिलं नाणंही त्याचं. माझ्या मते सगळ्यांत देखणं. त्यावर डेलावेअरचा प्रतिनिधी सीझर रॉडनी घोडा फेकत निघालाय. जुलै १७७६, अंगात दुखणं, वर पाऊस. डोव्हरहून तो फिलाडेल्फियाला पोचला आणि स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. त्याचा अश्वारूढ पुतळा इथल्या चौकात होता. २०२० साली उतरवला, कारण त्याच्या शेतांवर गुलाम राबत. पुतळा क्रेनने हलतो. हे नाणं सत्तर कोटींहून जास्त पाडलेलं, ते कुणाच्या गल्ल्यातून कसं काढणार? तुमचं १९६४ चं नेहरूंचं नाणं डब्यात सुखरूप आहे. हे बिचारं अजून राबतंय.

२०२२ मध्ये क्वार्टरवर महिलांची मालिका सुरू झाली, पहिली कवयित्री माया अँजेलो. त्या मालिकेत वॉशिंग्टनचं तोंडही डावीकडून उजवीकडे फिरलं. एक ठेवलंय तुमच्यासाठी.

उद्या बाल्टिमोर. मेरीलँडच्या क्वार्टरवर विधानभवनाचा घुमट आहे, बघून झोप येते. तसली दोन-चार इथल्या कपडे धुण्याच्या यंत्रात घातली.