उजेडाचं कापड

मुलांनो, इचलकरंजीच्या एखाद्या गल्लीत जरा कान देऊन उभे राहा. खटखट, खटखट! 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासूनचा हा आवाज.

माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील मागावर जातात. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. म्हणून चीनमधल्या फुदान विद्यापीठाची गोष्ट मी त्यांना मागाच्याच भाषेत सांगितली. पेंग हुईशेंग यांच्या गटाने 2021 मध्ये चक्क उजेड देणारं कापड दाखवलं. 6 मीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद. ताण्यातले खास धागे चांदीचा मुलामा दिलेले, वर झिंक सल्फाइडचा लेप. बाण्यातले पारदर्शक, पण वीज वाहून नेणारे. दोन्ही जिथे एकमेकांना टेकतात, तिथे वीज सोडली की लेप उजळतो. म्हणजे प्रत्येक टेकण एक इवलासा दिवा! असे सुमारे 5 लाख दिवे त्या कापडात होते. 100 वेळा धुऊनही ते टिकले म्हणे. (आमच्या शाळेचे गणवेश टिकतात का तेवढे?)

धाग्यातून वीज कशी जाईल, असं पोरांना वाटलं. मग मी जुन्या शालूच्या काठाची खऱ्या चांदीची जर आणली. टॉर्चचे दोन सेल, एक लाल एलईडी आणि मध्ये जरीचा धागा. दिवा लागला! नंतर बाजारातली प्लॅस्टिकची जर लावली, तर ढिम्म. घरी करून पाहा, पण फक्त सेलवर. भिंतीतल्या प्लगजवळ जायचं नाही. आणि आईला विचारल्याशिवाय साडीला हात लावायचा नाही! अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पोस्ट आणि ऑर्थ यांनीही 1990च्या दशकात अशीच, धातू गुंडाळलेल्या धाग्यांची रेशमी ऑर्गन्झा वापरून कापडावर विजेची मंडलं केली होती.

पुढच्या पालकसभेला एका मुलीचे वडील पाळीवरून थेट आले. केसांत कापसाची पिंज. म्हणाले, “गुरुजी, पोरगी रोज त्या कापडाचंच बोलतीया. एक सांगा, मागावर धागा तुटतोच. आम्ही गाठ मारतो अन् माग चालू करतो. त्या धाग्याला गाठ मारली, तर वीज पुढं जाईल का?”

मी सांगितलं, नुसती गाठ पुरणार नाही. लेप खरवडून आतली चांदी चांदीला टेकवावी लागेल, आणि तेवढ्या गाठीपुरता उजेड जाईल.

ते थोडा वेळ बोटांनी हवेतच गाठ मारत बसले. मग म्हणाले, “खरवडायला बारीक पातं पायजे.”