हर्णैची वाट आणि जड स्टिअरिंग

मुंब्र्याहून हर्णैला जायचे म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, मग कशेडी घाट ओलांडून भरणे नाका आणि तिथून खेडवरून दापोली. लोक या वाटेवरची ठिकाणे चहा-वड्यावरून लक्षात ठेवतात. आमच्या घरात ती गाडीच्या दुखण्यावरून लक्षात आहेत. वडखळला पट्टा तुटला, माणगावला पाइप फुटला, लोणेऱ्याला नुसतेच ऑइल ओतून निघालो.

अब्बा कुवेतहून कायमचे परतले तेव्हा, 2007 साली, त्यांनी ही गाडी घेतली. वीस वर्षांच्या नोकरीतून स्वतःसाठी घेतलेली एवढीच वस्तू. त्यामुळे ‘विकून टाका’ हे वाक्य घरात कोणी उच्चारत नसे. मीही नाही, आणि गाडी तर बहुतेक वेळा मीच चालवत असे.

2019 च्या मे महिन्यात चाचांच्या मुलीच्या लग्नाला निघालो. अम्मी मागे, मांडीवर कपड्यांची बॅग. महामार्गाचे चौपदरीकरण चालू असल्याने जागोजागी वळणे काढलेली, धूळ इतकी की काचा उघडायची सोय नाही. महाडला सावित्रीचा नवा पूल ओलांडताना अम्मी नेहमीप्रमाणे गप्प झाली. जुना पूल 2016 च्या ऑगस्टमध्ये पुरात वाहून गेला, त्यात बसमधली माणसे गेली. तेव्हापासून ती तिथे काही बोलत नाही.

पोलादपूर सोडले आणि चाक फिरवताना तो ओळखीचा कण्हण्याचा आवाज सुरू झाला. आता कशेडीला बोगदा झाला आहे, तेव्हा नव्हता. घाटातल्या एका आवळ वळणावर समोरून ट्रक आला, मी वेग कमी केला आणि स्टिअरिंग दगडासारखे झाले. पॉवर गेली तरी चाके स्टिअरिंगला जोडलेलीच असतात, गाडी वळते. पण सगळी ताकद आपल्या दंडाची लागते, आणि वेग जितका कमी तितकी जास्त. हे मला ठाऊक होते. तरी त्या क्षणी अब्बांनी शेजारून हात घातला नसता तर गाडी कठड्याला घासली असती. पुढे जागा मिळताच थांबलो. अब्बांचा उजवा खांदा आधीच दुखरा. तो धरून ते बराच वेळ बसून राहिले.

डबीत ऑइल तळाला गेले होते. जवळची बाटली ओतली आणि हळूहळू भरणे नाक्यावर पोचलो.

तिथल्या मिस्त्रींनी आधी गाडीला हातच लावला नाही. डबीतल्या ऑइलमध्ये बोट बुडवले, वास घेतला आणि विचारले, “चाचा, याच्यात आजवर काय काय ओतलंय?” अब्बांना सांगता येईना. जिथे थांबलो तिथे जो जे देईल ते ओतले होते. “लालसर असायला हवं, हे काळं झालंय. कोणी ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सील कधीच खराब झाले असतील.” पंप तर आम्ही वर्षापूर्वीच नवा बसवला होता. पण नव्या पंपात जुनेच घाणेरडे ऑइल फिरत राहिले, तर तो तरी किती टिकणार?

मला पडलेले कोडे वेगळे होते. ऑइल कमी होते, मग जमिनीवर डाग का पडत नाही? पार्किंगमध्ये मी कितीदा पुठ्ठा टाकून पाहिले होते. मिस्त्रींनी गाडी जॅकवर चढवली, पुढच्या चाकामागचे रबरी बूट दाबून दाखवले. पिशवीसारखे भरलेले! रॅकचे सील गळत होते आणि गळलेले सगळे या बुटात साठत होते. तीन वर्षे आम्ही पट्टा, पाइप, पंप बदलत राहिलो. बूट दाबून पाहणारा हा पहिलाच माणूस.

रॅक खोलून सील बदलायला दोन दिवस लागणार होते. गाडी तिथेच ठेवून आम्ही दापोलीची एसटी धरली. लग्नघरी पोचलो तेव्हा हळदीचा कार्यक्रम आटोपत आला होता, आणि अम्मी दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलली. गाडी सुरू करण्याआधी बॉनेट का उघडले नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

परतीला गाडी घेतली तेव्हा मिस्त्रींनी पुढची चाके अधांतरी ठेवून, परतीचा पाइप सोडून, स्टिअरिंग या टोकाकडून त्या टोकाला फिरवत जुने ऑइल काढून टाकले होते. स्वच्छ लाल येईपर्यंत. खर्च ऐकून अब्बा काही बोलले नाहीत. मिस्त्रींनी मात्र मला बजावले, चाक शेवटापर्यंत वळवून धरून ठेवू नका, पंपावर ताण येतो. आणि आवाज आला की ओतत बसू नका, कुठे जातंय ते शोधा.

निघताना अब्बा सवयीने चालकाच्या दारापाशी गेले. तिथे थोडे थांबले. मग बोनेटला वळसा घालून डावीकडे येऊन बसले आणि किल्ली माझ्या हातात दिली. “घाट तू काढ,” म्हणाले, “पोलादपूरपासून मी घेतो.”

पोलादपूरला मी थांबले, तेव्हा त्यांना झोप लागली होती. मी उठवले नाही.